मांडावरची वही : एका संशोधन-लेखाच्या श्रेयाचे प्रकरण

दक्षिण गोव्यातल्या एका महाविद्यालयाच्या शैक्षणिक सचोटी समितीवर बाहेरची सदस्य म्हणून मी काही महिने काम केले. समितीपुढे एकच तक्रार होती. ती इथे सविस्तर मांडते आहे. महाविद्यालयाचे, गावाचे, कुणाचेही नाव दिलेले नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. तक्रारदार शिक्षिकेने हा मजकूर वाचला, चार ठिकाणी लाल पेनाने दुरुस्त केला आणि मगच तो बाहेर जाऊ द्यायला होकार दिला.

ती मराठी विभागात सहायक प्राध्यापिका. गावडा समाजातली, घरातली पहिली पदवीधर. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली ती २००३ साली. तेव्हा ती शाळेत होती. पुढे सहायक प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा उत्तीर्ण झाली, मुलाखत देऊन राखीव जागेवर लागली, आणि 'कोट्यातली' हा शब्द स्टाफरूममध्ये तिच्या पाठीला चिकटला. विभागात पाच जण. बाई ती एकटीच. पाहुण्यांना शाल-श्रीफळ कोण देणार याची यादी, समई, सूत्रसंचालन, नॅकच्या म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली, बैठकांचे इतिवृत्त ही सगळी कामे तिच्याकडे. चौकशीच्या निमित्ताने मी विभागाची तीन वर्षांची इतिवृत्ते वाचली. पानोपानी अक्षर तिचे होते, पण तिने काही मत मांडल्याची नोंद एकाही पानावर नव्हती.

प्रकरण सुरू झाले धालोवरून. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. पौषात, चांदण्या रात्री, वाड्यावरच्या बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे नुसते अंगण नव्हे, ती राखलेली, मानलेली जागा. बायका एकमेकींच्या कमरेत हात गुंफून समोरासमोर दोन रांगा धरतात आणि वाकत, मागे सरत, गात पुढे येतात. एक रांग ओळ सोडते, दुसरी उचलते. असे काही रात्री चालते. हा सारा खेळ बायकांचा, तिथे पुरुषांना जागा नसते.

विभागप्रमुखांनी धालोच्या गीतांवर लेख लिहायचे ठरवले. विषय चांगला होता आणि त्यांचा लोकसाहित्याचा व्यासंगही खरा होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचताना त्यांना आळशी किंवा अडाणी समजणे सोपे जाईल. अडचण एवढीच होती की मांडावर ते जाऊ शकत नव्हते. त्यांनी तिला बोलावले. स्टाफरूममध्ये ते इतर सगळ्या शिक्षिकांना मॅडम म्हणत, तिला मात्र 'बाय'. म्हणाले, "बाय, हें तुजें घरचेंच न्हय? तूच जा. मग आपण दोघे मिळून लिहू."

दोन पौष ती गेली. दोन वर्षांचे मूल आईच्या खोलीत निजवून रात्रभर मांडाच्या कडेला बसायची. पहिल्या वर्षी फोनवर रेकॉर्ड केले, पण पहाटेच्या गारठ्यात दोरीवरची ओली लुगडी फडफडायची आणि आवाज बुडायचा. म्हणून दुसऱ्या वर्षी वही घेतली. गीते कोकणीत, मधूनमधून मराठी वळणाच्या ओळी. जे शब्द आज कुणी बोलत नाही त्यांचे अर्थ तिने दिवसा घरोघर फिरून विचारले, सात बायकांकडून. मग मराठी भाषांतर केले. एका गीताची रचना दुसऱ्यात कशी मिसळते, कुठल्या रात्री काय गायले जाते, का गायले जाते यावर अकरा पानांचे टिपण लिहिले आणि वहीच्या झेरॉक्ससह विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवले.

सव्वा वर्षाने लेख छापून आला. लेखक एकच. शेवटच्या तळटीपेत 'क्षेत्रकार्यात साहाय्य केल्याबद्दल' तिचे आभार. सात बायकांची नावे गेली होती, त्यांच्या जागी 'गावडा समाजातील वृद्ध निवेदिका' एवढेच उरले होते.

आभार आणि लेखकपद यांतले अंतर मानापमानापुरते नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत भाषा आणि मानव्यविद्यांच्या शिक्षकाला मान्य नियतकालिकातल्या लेखासाठी १० गुण आहेत. दोघांनी मिळून लिहिला असेल तर प्रत्येकाला त्याच्या ७० टक्के, म्हणजे ७. तळटीपेतल्या आभारांना शून्य. पदोन्नतीच्या फायलीत दोन पौषांच्या रात्री शून्यावर आल्या.

तिने तक्रार केली ती मात्र गुणांसाठी नव्हे. समितीपुढचा तिचा पहिला अर्ज माझ्याकडे आहे. त्यात तीन मागण्या आहेत. पहिली सात बायकांची नावे छापावीत ही. दुसरी, लेखातले एक गीत मागे घ्यावे. स्वतःचे नाव तिसऱ्या मागणीत.

दुसऱ्या मागणीकडे समितीतल्या कुणाचे नीट लक्ष गेले नाही. माझेही गेले नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

यंत्राचा अहवाल

आयोगाच्या २०१८ च्याच वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक नियमावलीत चौर्याची व्याख्या रुंद आहे : दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून पुढे करणे. शिक्षा मात्र टक्क्यांवर बांधलेली आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दोष नाही. १० ते ४० टक्के असेल तर लेख मागे घ्यायचा. ४० ते ६० असेल तर एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षे नवे संशोधक विद्यार्थी मिळत नाहीत. त्यावर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. टक्के सांगते सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअर शोधते ते आधी कुठेतरी साठवलेल्या मजकुरात. झेरॉक्स केलेली दोनशे पानी वही त्याला दिसणार नाही. आईने मांडावर म्हटलेली ओळ तर त्याच्या जगातच नाही.

अहवाल आला : १० टक्क्यांच्या आत. अध्यक्ष म्हणाले, "विषय संपला. आजच सही करून मोकळे होऊ."

नियमानुसार चौर्याची तक्रार आधी विभागीय समितीकडे जाते आणि तिचे अध्यक्ष विभागप्रमुखच असतात. इथे तक्रार त्यांच्याविरुद्धच, म्हणून प्रकरण थेट संस्थास्तरावरच्या आमच्या समितीकडे आले. अहवाल द्यायला ४५ दिवसांची मुदत असते. तो विसावा दिवस होता. मी गोव्यातलेच एक उदाहरण पुढे केले. विषय अगदी वेगळा होता, लैंगिक छळाच्या तक्रारीचा, पण धडा चौकशीचा होता. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्धची चौकशी २००९ मध्ये झाली. ३९ दिवसांत १८ बैठका ठरवल्या गेल्या. त्यावरून झालेली बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी रद्द केली, कारण बाजू मांडायला पुरेशी संधी दिली गेली नव्हती. प्रकरण पुन्हा चौकशीकडे गेले, चौदा वर्षांनी. घाईत केलेली चौकशी आरोपीवर अन्याय करते हे लोक बोलतात. तिच्यामुळे तक्रार करणाऱ्याच्या हातूनही सगळे निसटते, हे फारसे कुणी बोलत नाही. उरलेले पंचवीस दिवस वापरू या, एवढेच माझे म्हणणे होते. अध्यक्षांनी नाखुशीने दोन बैठका वाढवल्या.

मी विचारलेला प्रश्न

पहिल्या बैठकीत ती समोर बसली होती. निळी कॉटनची साडी, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत वही. मी तिला मोकळे वाटावे म्हणून विचारले, "तुम्ही त्याच समाजातल्या, तेव्हा ही गीते तुम्हाला लहानपणापासून पाठच असतील?"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "मॅडम, तुम्ही अभंग शिकवता. वारकरी घरातल्या म्हणून?"

खोलीत कुणी हसले नाही. मी वारकरी घरातली नाही. अभंग मी शिकले, वर्षानुवर्षे, पोथ्या आणि पाठभेद चाळून. आणि तीही शिकली होती. ती मडगावला वसतिगृहात राहून वाढली. पौषात कधी सुट्टी नसायची. मांडावर पहिल्यांदा पूर्ण रात्र बसली ती या कामासाठी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आईने तिला आधी दोन दिवस रांगेत उभे केले, पाय चुकले म्हणून बाजूला बसवले. हे सगळे शिकणे होते. पण माझ्या त्या एका वाक्याने ते रक्तातून आपोआप आलेले ठरवून टाकले.

विभागप्रमुखांनी लेखी उत्तरात तेच म्हटले होते, फक्त शास्त्रीय भाषेत : 'सदर शिक्षिकेने सामग्री पुरवली, विश्लेषण प्रस्तुत लेखकाचे आहे.' एकाच विभागातल्या दोन शिक्षकांपैकी एक अभ्यासक आणि दुसरी सामग्री, ही विभागणी कामावरून झालेली नव्हती. ती बाई होती म्हणून मांडावर जाऊ शकली, गावडा होती म्हणून बायका तिच्याशी बोलल्या, आणि ज्या दोन गोष्टींमुळे लेख शक्य झाला त्याच दोन गोष्टींचे कारण देऊन तिला लेखकपदावरून उतरवले गेले. विभागप्रमुख स्वतः ते काम करूच शकत नव्हते, हे त्यांच्या उत्तरात कुठे नव्हते. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. चोरीचा हेतू होता की नव्हता यावर समितीने फार वेळ घालवला. मला वाटते त्यांना मनापासून असेच वाटत होते की आपण काही घेतलेलेच नाही. तिच्याकडचे ते 'घरचे', आणि घरच्याला मालक नसतो.

आबोली

विश्लेषणही तिचेच होते का, हे कसे ठरवायचे? अकरा पानांच्या टिपणावर तारीख होती, पण ते टाईप केलेले. ते नंतर लिहिले असेल, असे विभागप्रमुखांच्या बाजूने सुचवण्यात आले. मग आम्ही वही उघडली.

वही पाहण्यासारखी होती. कडांना हळदीचे डाग, कारण दिवसा ती स्वयंपाकघरात बसून लिहायची. नाकात उच्चारायच्या अक्षरांखाली छोटी रेघ. समासात बारीक अक्षरात नोंदी : 'इथे आई थांबली', 'वयनी म्हणते ही ओळ दुसऱ्या रात्रीची'. एका गीतात फुलांची नावे ओळीने येतात. सगळ्या बायका एका जागी शेवंती म्हणतात. त्या दुपारी आई आबोली म्हणून गेली, लगेच हसली आणि शेवंतीवर आली. हिने आधी लिहिलेले आबोली खोडले नाही, बाजूला लिहिले : 'आईची चूक, हसली'.

छापील लेखात पान सातवर वाक्य होते : 'येथे शेवंतीऐवजी आबोली असा लक्षणीय पाठभेदही आढळतो.' त्या पाठभेदावर सहा ओळींचे विवेचन होते, वेणीत माळायची फुले आणि देवाला वाहायची फुले यांतल्या फरकावर.

तो पाठभेद कुठल्याही वाड्यावर नाही. तो एका दुपारी एका म्हातारीच्या जिभेवरून घसरला आणि एका वहीत राहिला. विभागप्रमुखांनी समासातली नोंद वाचली नव्हती, किंवा झेरॉक्समध्ये ती पुसट आली होती. त्यांना विचारले तेव्हा ते बराच वेळ वही बघत राहिले. मग म्हणाले, "हे मला माहीत नव्हते." मला त्या वाक्यात खोटेपणा वाटला नाही.

यानंतरही समितीचा निर्णय बहुमताने 'चौर्य सिद्ध होत नाही' असाच झाला. टक्के १० च्या खाली होते आणि नियमावली टक्क्यांचीच आहे. मी माझे भिन्नमत लेखी जोडले. त्यात व्याख्येवर बोट ठेवले : 'काम किंवा कल्पना' असे शब्द आहेत, 'छापलेले वाक्य' असे नाहीत.

आयोगाच्या नियमावलीत शिक्षकांसाठी व्यावसायिक नीतीची संहिताही आहे. जात, पंथ, धर्म, वंश किंवा लिंग यांचा विचार व्यवसायात येऊ देऊ नये, असे ती सांगते. सहकाऱ्यांविरुद्ध वरिष्ठांकडे निराधार आरोप करू नयेत, असेही तीच सांगते. या प्रकरणात पहिले कलम कुणी उच्चारले नाही. दुसरे तिला लेखी कळवण्यात आले, 'यापुढे दक्षता घ्यावी' या शेऱ्यासह. ते पत्र मिळाल्यावर विभागातला एक सहकारी तिला पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, "सगळं तुझंच आहे, आम्हाला ठाऊक आहे. पण सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत." त्याला समितीने साक्षीला बोलावले होते. तिथे त्याने 'कल्पना नाही' असे सांगितले होते. कुणी मला विचारले की या प्रकरणात व्यावसायिक नीतीचा सर्वांत स्पष्ट भंग कुठे झाला, तर मी त्या साक्षीकडे बोट दाखवीन. विभागप्रमुखांना निदान आपल्या म्हणण्यावर विश्वास होता.

ते गीत

आता दुसरी मागणी. सात बायकांनी गीते दिली ती एका अटीवर. तिची आईच म्हणाली होती, "तूं बरय गो, पूण हीं तीन गितां मांडार उरूं दी." लिहून ठेव, पण ही तीन मांडावरच राहू देत. तीन गीते पौषाबाहेर आणि मांडाबाहेर म्हणायची नाहीत, असे त्या वाड्यावर मानतात. तिने ती वहीत उतरवली, वर चौकट केली आणि लिहिले : 'छापायचे नाही'. झेरॉक्समध्ये चौकट स्पष्ट होती. तिन्हींपैकी एक गीत लेखात पूर्ण छापले गेले, भाषांतरासह.

समितीला हा मुद्दा आपल्या कक्षेतला वाटला नाही. "हा श्रद्धेचा भाग झाला," अध्यक्ष म्हणाले. मलाही त्या बैठकीत तो गौण वाटला, कारण माझे सारे लक्ष श्रेयावर होते. अहवाल गेल्यानंतर एका रविवारी मी तिच्या घरी गेले तेव्हा कळले काय झाले होते. नियतकालिकाचा अंक वाड्यावर पोचला होता, कुणीतरी मोबाइलवर पानाचा फोटो काढून फिरवला होता. ज्या बायकांच्या रांगेत आई चाळीस वर्षे उभी राहिली त्यांच्यापैकी दोघी तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. आई मला म्हणाली, "आतां हांव मांडार कशी वचूं?" आता मी मांडावर कशी जाऊ? मुलीवर ती रागावलेली नव्हती. पण त्या घरात धालोचा विषय बंद झाला होता.

विद्यापीठाच्या भाषेत याला संमतीचा भंग म्हणतात. ते शब्द बरोबर आहेत, पण किंमत कुणी मोजली ते त्यातून कळत नाही. बाहेरून आलेला संशोधक शब्द मोडून परत जाऊ शकतो. हिला त्याच वाड्यावर राहायचे होते. ज्या ओळखीला समिती तिची सोय समजत होती, ती तिच्यासाठी जामीन होती, आणि जामीन जप्त झाला होता.

कायद्यात थोडा आधार होता आणि तो आम्हाला उशिरा सापडला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याची जी व्याख्या आहे तिच्यात गायक, नर्तक, गारुडी यांच्या बरोबरीने व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी मांडावर गाणारी म्हातारी आणि वर्गात शिकवणारा प्राध्यापक एकाच ओळीत बसतात. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क मिळाला. वहीतल्या लिखित रूपाला तो कितपत लागू होतो यावर वकील वाद घालतील. पण नियतकालिकाच्या संपादकांना आम्ही पाठवलेल्या पत्रात त्या कलमाचा उल्लेख केल्यावर उत्तर आठ दिवसांत आले. त्याआधीच्या तिच्या दोन पत्रांना आले नव्हते.

पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापले गेले. सहलेखक म्हणून तिचे नाव, खाली सात बायकांची नावे. त्यातले एक आडनाव चुकले. ऑनलाइन प्रतीतून ते गीत काढले. छापील प्रती मात्र वाचनालयांत गेल्याच होत्या. विभागप्रमुखांनी शुद्धिपत्राला लेखी संमती दिली, न भांडता. वर्षाअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाचे सूत्रसंचालन करायला तिला सांगण्यात आले. तिने नाही म्हटले. त्या विभागात तिने एखाद्या कामाला नाही म्हटल्याची ती पहिली वेळ, आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात.

महाविद्यालयाने माझ्या भिन्नमतातली एक सूचना मात्र स्वीकारली. क्षेत्रकार्य करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने आता एक पानी फॉर्म भरायचा असतो : सांगणाऱ्या-गाणाऱ्यांची नावे, प्रत्यक्ष कोण गेले, टिपण कुणी केले, आणि शेवटी एक रकाना, 'छापू नये असे'. पहिला फॉर्म तिचाच आला. शेवटच्या रकान्यात तिने तिन्ही गीतांच्या पहिल्या ओळी लिहिल्या होत्या, ओळख पटावी म्हणून. फॉर्म घरी आईला वाचून दाखवला तेव्हा आईने त्या ओळीही खोडायला लावल्या, कारण कागद ऑफिसात जाणार होता. आता त्या रकान्यात फक्त एक, दोन, तीन असे आकडे आहेत.